थांबलेली चकती

श्रावण सरला तरी बंगालातल्या बेहाल्यातलं पाणी सरलं नव्हतं. सरत होती ती वीज. सकाळी पोळ्या लाटताना जायची, दुपारी माणूस जरा आडवा झाला की जायची, आणि येताना अशी उसळून यायची की गल्लीतला एखादा पंखा धूर सोडून कायमचा शांत व्हायचा. श्यामकांत दाबक्यांसारख्या माणसाची ही सुगीच. जळलेल्या पंख्यांतली काळी पडलेली तार उपसायची, नवी गुंडाळून भरायची, तिला व्हार्निश पाजायचं आणि पंखा पुन्हा फिरता करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. त्या चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात लोक पंखे डोक्यावर घेऊन, धोतरं खोचून, पाणी तुडवत त्यांच्या दाराशी येत होते.

दाबके पंखे घेत होते. भरत मात्र नव्हते.

त्यांच्या पत्र्याच्या कारखान्यात (कारखाना हा शब्द त्यांचा, बायको कालिंदी त्याला पडवी म्हणे) पंख्यांची रास भिंतीएवढी झाली होती. कालिंदी एकटीच वाइंडिंग मशीनवर बसे. मशीन लोखंडी, हाताने फिरवायचं. एरवी ती दांडा फिरवी आणि दाबके समोर बसून तार बोटांतून सोडत. आता ती उजव्या हाताने दांडा फिरवी आणि डाव्या हाताने तार सांभाळी. तार केसासारखी बारीक. ओढ जास्त झाली की तुटे, कमी झाली की वेटोळी ढिली पडत. तिच्या तर्जनीवर तारेने एक चीर पाडली होती. ती रोज रात्री हळद भरून बुजवी आणि तार रोज सकाळी ती पुन्हा उघडत असे.

"रविवारी नाक्यावरचा हालदारबाबू येतोय," दाबके एका सकाळी दाराशी उभं राहून म्हणाले. "पसंत आहे त्याला."

"काय पसंत आहे?"

"मशीन. वाइंडिंगचं."

कालिंदीचा हात दोन फेरे फिरतच राहिला, मग थांबला. किती वेढे झाले ते ती विसरली होती. सगळी तार पुन्हा उलटी सोडवणं आलं.

"आणि पंखे?"

"पंखे किती दिवस भरायचे माणसाने? अगं, वीजच फुकट झाली तर पंखा जळला काय आणि राहिला काय. मशीन देऊन जाड तांब्याची तार घ्यायची. मोठी पेटी करायची. हिच्यावर एक शेगडी चालते, तिच्यावर गल्ली चालेल."

पेटी कोपऱ्यात स्टुलावर होती. सागवानी, कडांना पितळी पट्ट्या, आत दाबक्यांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या तीन कॉइली, एक उजवी, एक डावी आणि एक त्यांनाच ठाऊक अशी. पेटीतून एक तार भिंतीतल्या सॉकेटला गेली होती. पेटीची दुसरी तार दिव्याला किंवा शेगडीला, आणि तिथून निघालेली तार खिडकीतून बाहेर, अंगणातल्या हापशाच्या पाइपाला. आषाढात केव्हा तरी, पंखा तपासताना, दाबक्यांनी अशीच काही जोडाजोड केली, पंखा फिरायला लागला, आणि त्यांची नजर सहज मीटरवर गेली. मीटरची चकती थांबलेली होती. पंखा फिरतोय आणि चकती फिरत नाही! दाबके त्या दिवशी जेवले नव्हते.

गवंड्याला विठोबाच्या आधी वीट दिसते. दाबक्यांनी उभ्या आयुष्यात कॉइली भरल्या होत्या. जगात काही चांगलं घडलं तर ते कॉइलीमुळेच, यात त्यांना शंका नव्हती. आकाशात वीज भरून राहिलेली आहे, ती पेटीत ओढली जाते, हापशातून जमिनीत उतरते, आणि जाता जाता दिवा लावते. पाऊस जोरात झाला की दिवा जास्त लख्ख लागे. हाही पुरावा. पेटी गरम होई. हाही पुरावा. शेगडी चालू असताना हापसा हापसला की कालिंदीच्या हातांना मुंग्या येत. दाबक्यांनी तिला तोही पुरावा म्हणूनच सांगितला होता.

त्या दुपारी कालिंदी बस धरून न्यू अलीपूरला भावाकडे गेली.

गुरुदत्त पोतनीस तिच्याहून धाकटा. नागपूरहून बदलून दोन वर्षांपूर्वी इथे आलेला, केंद्र सरकारच्या मोजमापाच्या यंत्रांची तपासणी करणाऱ्या एका कचेरीत अधिकारी. पावसाळा आला की त्याच्या कचेरीत फुकट वीज घेऊन येणारेही उगवत. बराकपूरचे एक निवृत्त सुभेदार गुरुदत्त इथे यायच्या आधीपासून दरसाल येत. त्यांची मोटार डायनामो फिरवी, डायनामो मोटार फिरवी, आणि सुरुवातीला दोघांना ढकलायला सुभेदार स्वतः लागत. 'थांबतं ते निव्वळ बेअरिंगमुळे,' असं ते म्हणत. सुभेदार काठीवर आले तरी मनासारखं बेअरिंग मिळालं नव्हतं. दुसऱ्या एका गृहस्थाचा दिवा खरोखरच कशाविना जळे; मग टेबलाचा एक पाय पोकळ निघाला. गुरुदत्तला असले बरे वाटत. लबाड माणसाला तार कुठे आहे ते माहीत असतं, त्याची नजर तिकडे जात नाही आणि आपण तिथेच बघायचं. खरी पंचाईत प्रामाणिक माणसाची. तार कुठे आहे ते त्यालाही ठाऊक नसतं.

"तू येऊन बघ," कालिंदी म्हणाली. "खरं असेल तर मशीन जाऊ दे. मी अडवणार नाही. पण खोटं असेल तर रविवारच्या आत कळायला हवं. मशीन गेलं की आम्ही काय करायचं, गुरू? पेटी खायची?"

आत मालतीबाई, दोघांची आई, तांदूळ वाळवत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "बघायला जा, पण बोलायला जाऊ नकोस. अधिक महिना आहे. जावई म्हणजे नारायण. रविवारी मी वाण घेऊन जाणार, अनारशांचं. अधिकात जावयाचं मन मोडायचं नाही. मोडायचंच असेल तर निज भाद्रपदात मोड."

"निज भाद्रपदापर्यंत मशीन हालदारकडे जाईल, आई."

"मग तुझं तू बघ. पण नारायणाला खोटं पाडू नकोस."

गुरुदत्त शनिवारी कचेरी सुटल्यावर आला. दाबक्यांनी त्याला खोक्यावर बसवलं, खुर्ची पंख्यांखाली गेली होती.

"या, गुरुदत्तराव. तपासा. सरकारी नजरेने तपासा. मला मेव्हण्याचं कौतुक नको."

त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. चांगला, डोळे दिपणारा. मीटरची चकती जागच्या जागी.

"किती फिरली?" दाबक्यांनी विचारलं.

"नाही फिरली."

"चष्मा पुसून बघा."

गुरुदत्तने खरंच चष्मा पुसला. चकती नाही फिरली. त्याने हापशाची तार सोडवायला सांगितली. दिवा विझला. "विझणारच," दाबके म्हणाले, "वाटच बंद केलीत तुम्ही." त्याने सॉकेटचा प्लग काढायला सांगितला. दिवा विझला. "तेही आलंच. यंत्राला जागं ठेवायला थोडी कंपनीची वीज लागते."

"थोडी म्हणजे किती, भाऊजी?"

"ते मीटरला विचारा ना."

मीटर शून्य सांगत होतं. एवढ्यात वीज गेली. दिवा गेला, पेटी गेली, गल्लीत एकदम 'गेली रे' असा ओळखीचा सूर उठला.

"आकाशातली वीजसुद्धा लोडशेडिंग पाळते?" गुरुदत्त म्हणाला आणि लगेच त्याला आई आठवली. "म्हणजे, विचारतोय फक्त."

"जागं ठेवायचं सांगितलं ना मी," दाबके शांतपणे म्हणाले. झोपलेल्या माणसाला कोणी काम का करत नाहीस असं विचारत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

कालिंदी चहा घेऊन आली. "हापशाला मुंग्या येतात, ते सांगितलंत का त्याला?"

गुरुदत्तने कप खाली ठेवला. "कसल्या मुंग्या?"

"शेगडी चालू असली की. ओल्या पायांनी गेलं की जास्त."

तो उठला आणि बाहेर जाऊन हापशाजवळ उकिडवा बसला. पाइपाला तार नुसती पिळून गुंडाळली होती. ही तार निसटून चिखलात पडली, आणि कोणी अनवाणी हंडा घेऊन आलं, तर पुढचं काही मोजायला मीटर लागणार नव्हतं. तो आत आला तेव्हा त्याचा आवाज जरा बदलला होता.

"ताई, पेटी चालू असेल तेव्हा हापशाला हात लावायचा नाही. कोणीच नाही. भाऊजी, तेवढं माझं ऐका."

"शक्ती आहे ती. काळजी घ्यायलाच हवी," दाबके म्हणाले. त्यांना हे प्रशस्तिपत्रच वाटलं.

रविवारी मालतीबाई आल्या त्या अनारशाचं पीठ, तुपाची बरणी आणि खसखस घेऊन. अनारसे तळून आणायचे होते, पण रॉकेलच्या रांगेत उभं राहून गुरुदत्तच्या हाती रिकामा डबाच आला होता. दाबक्यांना हे कळल्यावर आनंद झाला.

"इथे तळा की. पेटीवर. पीठ माहेरचं, तूप माहेरचं, शेगडी तेवढी माझी."

"नारायणानेच चूल पेटवून दिली तर शास्त्राची काय हरकत," मालतीबाई म्हणाल्या आणि शेगडीपुढे बसल्या. समोर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाटावर दाबके बसले. धुतलेला सदरा, कपाळाला कुंकू. मेव्हणा शेजारी, बायको दाराशी. हालदार दुपारी येणार होता. मशीन कालिंदीने पुसून ठेवलं होतं. परक्याच्या हाती द्यायची वस्तूही मळकट देऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं, पण मशीन त्यामुळे सासरी निघालेल्या लेकीसारखं दिसत होतं.

शेगडीची तार विटकरी झाली. त्यापुढे जाईना. मालतीबाईंनी पिठाची गोळी खसखशीवर थापली, तुपात सोडली. अनारसा क्षणभर तसाच राहिला, मग कडेने सुटला, फुटला आणि तूपभर पसरला.

"हसला गं बाई," मालतीबाई म्हणाल्या.

दुसराही हसला. तिसऱ्याला त्यांनी जपून सोडलं, तर तो सोडता सोडताच हसला.

"पीठ सैल झालं असेल," दाबके म्हणाले.

मालतीबाईंनी झारा कढईवर ठेवला. जावई नारायण होता, पण पीठ त्यांचं होतं. "पिठाला काही झालेलं नाही. तुपाला आच नाही. तूप तापलं नाही की अनारसा हसतो, हे पोरीबाळींनाही कळतं."

"शक्ती सौम्य आहे, आई. सात्त्विक आहे."

"सात्त्विक असू दे, पण अनारशाला आच लागते."

कढईत तीन अनारशांचा चुरा तरंगत होता. गुरुदत्तने आईकडे बघितलं. आई कढईकडे बघत होती.

"भाऊजी," तो म्हणाला, "पेटी मधून काढून बघूया का? शेगडी सरळ जोडू. एक तार सॉकेटला, एक हापशाला. बाकी सगळं तसंच."

"पेटी काढली तर शेगडी विझेल."

"विझू दे. एक अनारसा जाईल. तीन गेलेच आहेत."

दाबक्यांना हे पटलं. पेटीवाचून शेगडी विझलेली सगळ्यांना दिसणार होती. सरकारी माणसादेखत. "काढा," ते म्हणाले.

गुरुदत्तने बटण बंद केलं, पेटीच्या दोन तारा सोडवल्या आणि एकमेकींना जोडल्या. पेटी स्टुलावर नुसतीच राहिली, पितळी पट्ट्या चमकत. त्याने बटण दाबलं.

शेगडी लाल झाली. मग आणखी लाल झाली. तुपाला बारीक बुडबुडे आले. मालतीबाईंनी न विचारता गोळी थापली, सोडली, झाऱ्याने वरून तूप उडवलं. अनारसा फुलला. त्याला जाळी पडली, खसखस तांबूस झाली.

"हा बघ, कसा निघाला!" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बाकीचे कढईकडे बघत नाहीत.

सगळे मीटरकडे बघत होते. चकती थांबलेली होती.

दाबके पाटावरून उठले.

"अहो उठू नका, औक्षण व्हायचंय!"

ते मीटरपुढे जाऊन उभे राहिले. पाठीवर सदरा घामाने चिकटला होता.

"सांगा," ते म्हणाले.

"वीज एका तारेने घरात येते, दुसरीने परत जाते," गुरुदत्त म्हणाला. त्याने आवाज अगदी साधा ठेवला होता. "मीटर त्यातल्या एकाच तारेवर पहारा करतो, येणाऱ्या. तुमच्याकडे मागच्या पुरानंतर मीटर भिंतीवर उंच चढवलं, तेव्हा कोणाकडून तरी दोन तारांची अदलाबदल झाली असणार. पहारेकरी परतीच्या दारावर बसलाय. तुम्ही परतीची वाट हापशातून काढलीत. त्याच्या दारावरून कोणी गेलंच नाही, तर तो मोजणार काय?"

"पाऊस झाला की दिवा मोठा व्हायचा."

"ओल्या जमिनीतून वाट चांगली मिळते."

दाबक्यांनी मान हलवली. हे त्यांना आतून कुठे तरी माहीत असावं. तारांचं आयुष्य त्यांनी काढलं होतं. त्यांनी स्टुलावरच्या पेटीकडे बघितलं.

"मग पेटी काय करत होती?"

गुरुदत्तने पुन्हा आईकडे बघितलं. मालतीबाई पुढची गोळी फार काळजीपूर्वक थापत होत्या.

"थोडी अडवत होती."

"किती?"

"अनारसा हसेल एवढी."

कालिंदीने पदर तोंडाला लावला. रडू की हसू, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे मी कंपनीची चोरी करत होतो," दाबके म्हणाले.

"नकळत."

"नकळत करत होतो, आणि तीही धड जमत नव्हती."

त्यांनी बटण बंद केलं, बाहेर गेले, हापशाची तार सोडवली. चिखलातून ओढत आणून, वेटोळं करून खुंटीला लावली. शेगडीची सुटी तार सॉकेटच्या दुसऱ्या भोकात घातली आणि बटण दाबलं. शेगडी तशीच लाल झाली. मीटरची चकती आधी दचकल्यासारखी हलली, मग जी सुटली ती भिंगरीसारखी.

"उद्या कंपनीत सांगून येतो, तारा सरळ करून द्या म्हणून," ते म्हणाले आणि पाटावर येऊन बसले. "आई, तुमचं चालू द्या."

हालदारबाबू आले ते अनारसे निम्मे झाल्यावर. चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल. नाक्यावर त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. घेतलेली वस्तू ते आठवडाभर दुकानात ठेवत आणि दुसऱ्याच कोणाला तरी चढ्या भावाने विकत. खोलीत काही तरी घडून गेलंय, हे त्यांनी ओळखलं, आणि दाबक्यांना लपवण्याची कला नव्हती. त्यांनी हिंदीत, जसं घडलं तसं, सगळं सांगितलं. पेटी कशी निरुपयोगी ठरली तेही.

पेटी जोडलेली असताना हालदारबाबू तिला कधी फार भुलले नव्हते. आता मात्र ते खोक्यावर टेकले. डोळे बारीक झाले.

"मतलब बिना बाक्शो के भी होता है?"

"ज्यादा अच्छा होता है," दाबके कडवटपणे म्हणाले.

"खाली एक तार? टिउबवेल में?" हालदारबाबू जरा पुढे सरकले. "श्यामबाबू, मशीन की बात छोड़िए. ये तार हमारे घर में लगा दीजिए. हमारे भायरा, मतलब साढू के यहाँ भी. पूरा पाड़ा, पूरा मोहल्ला लगाएगा. आप जो बोलेंगे."

गुरुदत्तने खाकरून पाहिलं. हालदारबाबूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दाबके ताठ झाले. इतके दिवस ज्या पेटीला गल्लीत कोणी गिऱ्हाईक नव्हतं, तिच्यावाचूनच्या नुसत्या तारेसाठी आता गल्ली रांग लावणार होती. कालिंदी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त कान दिसत होते. ते लाल झाले होते.

"वो मेरा आविष्कार नहीं है," दाबके म्हणाले.

"आँ?"

"उसमें मेरा कुछ नहीं है. पेटीच नाही तर माझं काय त्यात?"

हालदारबाबूंना मराठी कळलं नाही, पण अडचण कळली. ते तडजोडीचे मनुष्य होते. "तो बाक्शो भी ले लेंगे. ऊपर रख देंगे. देखने में सुंदर है."

चोरीने जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे दाबक्यांना लागलं. त्यांनी एकदाच 'नहीं' म्हटलं, पण ते असं की कढईपाशी मालतीबाईंचा झारा थांबला.

"ठीक है, ठीक है," हालदारबाबू उठले. "तो फिर मशीन? वो तो देंगे?"

शेगडी आणि चकती, दोन्ही चालू होत्या. दाबक्यांनी मशीनकडे बघितलं, मग पंख्यांच्या राशीकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या बायकोच्या हाताकडे. तर्जनीवर चिंधी बांधलेली होती. ती त्यांनी आत्ताच पाहिली असावी.

"आपका पंखा पड़ा है ना यहाँ?" ते म्हणाले. "बुधवार को ले जाइए. मशीन नहीं मिलेगा. काम बहुत है."

हालदारबाबूंनी जाताना दोन अनारसे घेतले, चांगले निवडून. 'पिठे', म्हणजे त्यांच्याकडची तांदळाची पक्वान्नं, फार छान झाली आहेत असं बंगालीत सांगून ते चपला हातात धरून पाण्यात उतरले.

औक्षण झालं. हसलेले वगळून तेहतीस अनारसे मालतीबाईंनी जावयाच्या ओंजळीशी ठेवले आणि वाकून नमस्कार केला. दाबक्यांना तो नमस्कार कुठे ठेवावा ते समजेना. जेवणं झाली, गुरुदत्त आईला घेऊन बसच्या वेळेआधीच निघाला. दारात त्याला दाबक्यांनी थांबवलं.

"गुरुदत्तराव, त्या तिसऱ्या कॉइलीत मी तार तिरकी भरली होती. तसं कोणी केलेलं नाही. तुमच्या कचेरीत कोणी केलंय?"

"नाही, भाऊजी. आजवर कोणी नाही."

"तेवढं लक्षात ठेवा," ते म्हणाले.

दुपार कलता वीज गेली. पत्र्याखाली उकडायला लागलं. दाबक्यांनी हालदारचा पंखा उघडला, जळलेली तार उपसली, साचा मशीनवर चढवला आणि सवयीने समोरच्या पाटावर, तार सोडायच्या जागी, जाऊन बसले. कालिंदी दांड्याशी आली. उभीच राहिली.

"बस की," ते म्हणाले.

"आज तुम्ही फिरवा. मी तार धरते."

दाबक्यांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले. जागा बदलली. दांडा हातात घेतल्यावर तो इतका जड असतो हे त्यांना आठवावं लागलं. पहिले वेढे ओढून गेले.

"हळू," कालिंदी म्हणाली. "सारखं फिरवा. झटके नकोत."

ते सारखं फिरवू लागले. घाम नाकावरून दांड्यावर पडला. थोड्या वेळाने त्यांनी हात बदलला.

"अजून किती?"

"भरेपर्यंत."

"हात दुखत नाही माझा," ते म्हणाले.

"दुखेल," कालिंदी म्हणाली, आणि तारेवरची नजर न हलवता तिने ओढ जराशी घट्ट केली.